नागपूरहून मुंबई मॅरेथॉनला: दुसऱ्या प्रयत्नाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

धावपटू 44 वर्षांच्या, नागपुरातल्या एका बँकेत अधिकारी. वजन 56 किलो. सहा वर्षं नियमित धावत आहेत. अर्धमॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ 2 तास 8 मिनिटं, म्हणजे तयारी नीट असेल तर पूर्ण मॅरेथॉन साडेचार तासांच्या आसपास व्हायला हवी. मुंबईतल्या पहिल्या पूर्ण मॅरेथॉनला मात्र त्यांना 5 तास 4 मिनिटं लागली. हे प्रकरण पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या प्रयत्नाचं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

2004 साली सुरू झालेली ही शर्यत सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पूर्ण मॅरेथॉन पहाटे 5 वाजता सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) स्थानकासमोरून सुटते. शर्यतीच्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, मिळत नाही. ते आदल्या दिवसांत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) एक्स्पोत, म्हणजे शर्यतीच्या प्रदर्शनात, जाऊन घ्यावं लागतं. बाहेरगावच्या माणसासाठी सगळं वेळापत्रक या एका नियमाभोवती फिरतं. त्यात संक्रांत नुकतीच झालेली असते, त्यामुळे मुंबईत नातेवाईक असतील तर हळदीकुंकवाची आमंत्रणंही असतातच.

पहिल्या वर्षी काय बिघडलं

शर्यतीनंतर सगळ्यांचं निदान एकच होतं: "खाणं कमी पडलं." ते खरं होतं, पण अपुरं. प्रशिक्षकांनी त्यांना शुक्रवार रात्रीपासूनचा प्रत्येक तास लिहून काढायला सांगितलं, तेव्हा चित्र असं निघालं.

शुक्रवारी रात्रीची गाडी, बाजूचा वरचा बर्थ, जेमतेम चार तास झोप. शनिवारी गाडी उशिरा पोहोचली. सामानासकट थेट बीकेसी. बिबची रांग, मग एक्स्पोतली भटकंती, एकूण तीन तास पायांवर. दुपारचं खाणं अगदी नावापुरतं. तिथून डोंबिवलीला मावशीकडे. संध्याकाळी हळदीकुंकू, त्यात पुन्हा दोन तास उभं राहणं. जेवण साडेनऊला, झोप अकराला. उठणं दीड वाजता, कारण डोंबिवलीहून सीएसएमटी गाठायचं होतं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. तीन वाजता "सावधगिरी म्हणून" एक वेदनाशामक गोळी.

शर्यतीत पहिले 10 किमी त्यांनी 6:05 च्या पेसनं (किलोमीटरला 6 मिनिटं 5 सेकंद) काढले. साडेचार तासांसाठी 6:24 पुरला असता. पहिलं जेल (धावताना घ्यायची दाट साखरेची पुडी) 18 व्या किलोमीटरला घेतलं. दुसरं एक्स्पोत फुकट मिळालेलं, कधीच न वापरलेलं होतं, त्यानं पोट ढवळलं. 31 व्या किलोमीटरला वॉल लागली, म्हणजे शरीरातलं इंधन संपून पाय एकदम जड झाले. पुढे पोटऱ्यांत गोळे आले आणि 33 नंतर बहुतेक चालणंच झालं. दोन जेल आणि रस्त्यावर घेतलेल्या संत्र्या-बिस्किटांचा हिशोब केला तर पाच तासांत साधारण 70 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली, म्हणजे तासाला 14. या अंतराला तासाला 30 ते 60 ग्रॅम हा सर्वमान्य पल्ला आहे. अडीच तासांपेक्षा जास्त धावणाऱ्याला, पोट तयार असेल तर, 90 पर्यंतही चालतं.

सपाट रस्त्यावर धावताना किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. 56 किलोच्या धावपटूला 42.2 किमीला सुमारे 2,360 किलोकॅलरी लागतात आणि त्यातला मोठा वाटा ग्लायकोजेनमधून, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या कर्बोदकांतून, येतो. शनिवारी अर्धपोटी राहून हा साठा अर्धवट भरला, मग वेगवान सुरुवातीनं तो लवकर जाळला, आणि वाटेत भरपाई केली नाही. 31 वर वॉल लागणं हे या तिन्हींचं एकत्र फळ होतं. त्यांच्या फुप्फुसांत किंवा जिद्दीत काही कमी नव्हतं, हे इथे ठासून सांगायला हवं, कारण त्या वर्षभर स्वतःला तोच दोष देत होत्या.

आणखी एक कारण कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नागपूरला जानेवारीच्या पहाटे 12-13 अंश आणि कोरडी हवा असते. सगळे लाँग रन (सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावा) त्याच हवेत झाले होते. मुंबईची पहाट तुलनेनं उबदार आणि दमट. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड होत नाही आणि त्याच पेसला हृदयाचे ठोके वाढतात. पहिल्या 10 किमीत त्यांचे ठोके सरावापेक्षा मिनिटाला 12 नी जास्त होते. घड्याळात ती नोंद होती, पण त्यांनी ती धावताना पाहिलीच नाही.

कोणते पर्याय होते

प्रवास. विमानानं शनिवारी सकाळी जाणं सोयीचं, पण मग बिब शनिवारच्या गर्दीत घ्यावं लागणार. शुक्रवारी रात्रीची गाडी म्हणजे मागच्या वर्षीचीच पुनरावृत्ती. गुरुवारी रात्री निघालं तर शुक्रवारी सकाळी मुंबई, त्याच दिवशी बिब, आणि शर्यतीआधी दोन रात्री पलंगावर. किंमत: शुक्रवारची रजा. बँकेत महिनाअखेर नसली तरी रजा सहज मिळत नाही, म्हणून अर्ज नोव्हेंबरमध्येच दिला. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळीच खालचा बर्थ घेतला.

या निर्णयामागचं तत्त्व असं: शर्यतीच्या आदल्या रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही, आणि अडीच वाजता उठायचं असेल तर ती लागून लागून किती लागणार? म्हणून जपायची ती शुक्रवारची रात्र. गुरुवारची गाडीतली अपुरी झोप शुक्रवारी भरून निघते. शुक्रवारची गाडीतली अपुरी झोप भरायला वेळच उरत नाही.

मुक्काम. इथे खरा पेच होता. मावशीकडे घरचं जेवण, माया, खर्च शून्य. पण डोंबिवली ते सीएसएमटी अंतर सुमारे 50 किमी. शर्यतीसाठी पहाटे खास लोकल सोडतात, तरी उठावं लागतं दीड-दोनला. सीएसएमटीजवळच्या फोर्ट भागातल्या साध्या हॉटेलात दोन रात्रींचा खर्च त्यांना जड वाटत होता. तिसरा पर्याय, शुक्रवारी मावशीकडे आणि शनिवारी हॉटेल, यात खर्च अर्धा पण सामान घेऊन शनिवारी पुन्हा लोकलचा प्रवास.

दोन्ही रात्री फोर्टमध्येच काढायचं ठरलं. पैशांपेक्षा अवघड भाग मावशीला सांगण्याचा होता. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा सुरेख होता: "मावशी, शनिवारी नाही गं जमणार. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं ना? रविवारी संध्याकाळी येते, पदक दाखवायलाच येते. आणि सोमवारची गाडी कल्याणहूनच पकडते." मावशीनं समारंभच रविवारी ठेवला. नात्यातली अडचण आधी बोलून सोडवली नाही, तर ती शनिवारी संध्याकाळी पायांवर येते. बाहेरगावच्या शर्यतीत हे वारंवार दिसतं.

पेस. साडेचार तासांचं लक्ष्य ठेवायचं की हवा लक्षात घेऊन सैल करायचं? प्रशिक्षकांनी 4:40 सुचवलं, म्हणजे 6:38 चा पेस, आणि पहिल्या 10 किमीत कोणत्याही परिस्थितीत 6:35 च्या आत नाही. धावपटूंना हे पटायला दोन आठवडे लागले.

तयारीत काय केलं

पोटाचा सराव ऑक्टोबरपासून सुरू झाला. पहिल्या लाँग रनला तासाला एक जेल, म्हणजे 24 ग्रॅम. दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवत डिसेंबरमध्ये अर्ध्या तासाला एक, म्हणजे तासाला 48. जेलबरोबर नेहमी साधं पाणी, चार-पाच घोट. जेल आणि गोड पेय एकत्र घेतलं की आतड्यात साखर दाट होते, पाणी तिकडे ओढलं जातं आणि पोट गच्च होतं. एकूण आठ लाँग रनला हा सराव झाला. पायांइतकंच आतड्यालाही शिकवावं लागतं, आणि ते चार दिवसांत शिकत नाही.

घामाची मोजणी दोनदा केली. पहाटे 90 मिनिटं: आधी 56.3, नंतर 55.9, मध्ये 300 मिली पाणी, म्हणजे 700 मिली घाम, तासाला अर्धा लिटरही नाही. मग दुपारी बाराला 60 मिनिटं: 56.2 वरून 55.6, मध्ये 200 मिली, म्हणजे तासाला 800 मिली. शर्यतीचा हिशोब दुसऱ्या आकड्यावर बांधला: साडेचार-पावणेपाच तासांत साधारण 3.7 लिटर घाम, तासाला 500 मिलीप्रमाणे 2.3 लिटर पिणं, उरलेली तूट वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. एवढी तूट चालते. ती शून्यावर आणायचा प्रयत्न करू नये. घामापेक्षा जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. हळू धावणाऱ्या, दर टेबलावर थांबून पिणाऱ्या धावपटूंना हा धोका सगळ्यात जास्त, आणि तो जिवावर बेतू शकतो.

मिठासाठी ओआरएस निवडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे 20.5 ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात टाकायची. त्यात 75 मिलिमोल, म्हणजे सुमारे 1,700 मिलिग्रॅम सोडियम असतं, पण ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम. म्हणून ओआरएस हे इंधन नाही. ते पिऊन जेल टाळलं की वॉल ठरलेली. त्यांनी 500 मिलीच्या मऊ बाटलीसाठी अर्धी-अर्धी पुडी वेगळी बांधली. (जुलाबाच्या रुग्णासाठी असं करू नये, तिथे पूर्ण पुडी पूर्ण लिटरातच.) दुकानात ओआरएसच्या नावाखाली गोड पेयं मिळत असत. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. तरी वेष्टनावरचे सोडियमचे आकडे वाचूनच घ्यावं.

दमट हवेचा सराव नागपुरात मिळणं कठीण. शेवटच्या दोन आठवड्यांत आठ वेळा 40 ते 60 मिनिटांचं सावकाश धावणं दुपारी, अंगात एक जादा टी-शर्ट घालून केलं. हवा कोरडीच होती, त्यामुळे ही तयारी अर्धीच म्हणायची. पण शरीर लवकर घामायला शिकतं, रक्तातला द्रवाचा वाटा वाढतो आणि ठोके थोडे उतरतात. चक्कर किंवा थंडी वाजल्यासारखं झालं तर लगेच थांबायचं, ही अट होती.

कार्ब लोडिंगची, म्हणजे शर्यतीआधी कर्बोदकं वाढवून साठा भरण्याची, रंगीत तालीम डिसेंबरच्या मध्यात, 30 किमीच्या आधी झाली. दोन दिवस, किलोमागे 8 ग्रॅम, म्हणजे रोज सुमारे 450 ग्रॅम कर्बोदकं. पाठ्यपुस्तकी आकडा 10 ते 12 आहे, पण रोज 240 ग्रॅमवर असलेल्या बाईंना तिथे एकदम नेलं तर पोट फुगण्यापलीकडे काही हाती लागत नाही. तालमीच्या दुसऱ्या दिवशी फोन आला, "सर, वजन एक किलो दोनशेनं वाढलंय. आज कमी खाऊ का?" हा फोन जवळपास प्रत्येक धावपटूचा येतो. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. वाढलेलं वजन म्हणजे साठा भरल्याची खूण, आणि ते पाणी मुंबईत उपयोगी पडणार होतं.

शनिवारचा उपवास

हा निर्णय कुठल्याच परदेशी वेळापत्रकात सापडणार नाही. त्या वीस वर्षं शनिवार धरतात, संध्याकाळी सोडतात. प्रशिक्षकांनी तो मोडा असं सांगितलं नाही, आणि ते बरोबरच केलं. उपवासाचे बहुतेक पदार्थ म्हणजे कर्बोदकंच. अडचण दाण्याच्या कुटाची आणि तुपाची आहे, कारण त्यांनी पोट भरतं पण साठा भरत नाही, आणि ते पोटात रेंगाळतं. म्हणून दिवसाचा आराखडा असा ठरला:

- सकाळी 20 मिनिटं मरीन ड्राइव्हवर हलकं धावून आल्यावर: दोन केळी, आठ खजूर (साधारण 100 ग्रॅम)
- साडेदहाला: साबुदाण्याची खिचडी एक प्लेट, कूट कमी (62)
- साडेबाराला: उकडलेलं रताळं पाव किलो, उकडलेले बटाटे 200 ग्रॅम, मीठ-जिरं (88)
- दुपारभर: गूळ-लिंबाचं सरबत दोन ग्लास, राजगिऱ्याची चिक्की दोन वड्या, एक केळं (110)
- साडेसहाला उपवास सोडताना: दही-भात, शिजलेला भात 350 ग्रॅम (98)

बेरीज 458 ग्रॅम, म्हणजे किलोमागे 8.2. रताळी-बटाटे खोलीतल्या केटलमध्ये उकडता येतील का, याची चाचणी घरी केली. फोडी लहान केल्या तर येतात. तिळगूळ मुद्दाम बाजूला ठेवला. तिळात निम्मी चरबी असते, शर्यतीआधी त्याचा उपयोग नाही. तंतुमय खाणं, म्हणजे भाकरी, उसळी, पालेभाज्या, गुरुवारपासून कमी केलं, म्हणजे रविवारी पहाटे आतड्यात ओझं नको.

प्रत्यक्ष प्रवास

गुरुवारी रात्री गाडीत घरची पोळी-बटाट्याची भाजी आणि केळी. पॅन्ट्रीचं काही घेतलं नाही. बूट, शॉर्ट्स, बिबच्या पिना आणि सगळी जेल उशाखालच्या पिशवीत. हरवली तर ऐनवेळी बदली मिळत नाही अशी प्रत्येक गोष्ट हाताशी हवी. झोप साडेपाच तास.

शुक्रवारी सकाळी हॉटेलात खोली बाराआधी मिळणार नव्हती. सामान ठेवून कुर्ला, तिथून रिक्षानं बीकेसी. (आता मेट्रो 3 मुळे सीएसएमटी ते बीकेसी थेट जाता येतं.) बिब 25 मिनिटांत हातात. एक्स्पोत थांबायची मर्यादा आधीच ठरलेली होती: एकूण 45 मिनिटं, कोणतीही नवीन वस्तू शर्यतीसाठी नाही. ती पाळली गेली. चुकलं ते जेवण. परतीला भूक उलटून गेली आणि दोनच्या सुमारास फक्त इडली-चहा झाला. शुक्रवारची बेरीज 450 ऐवजी 370 च्या घरात राहिली. मग साडेनऊला झोप, आठ तास सलग. ही झोप म्हणजे सगळ्या नियोजनाचं सर्वात मोठं फळ होतं.

शनिवारी आराखडा जवळजवळ तंतोतंत पाळला गेला. खोलीचे पडदे ओढून, पाय वर करून चार तास. आठला दिवा बंद. खालून लग्नाची वरात गेली, कानात बोळे होते, तरी दहापर्यंत डोळा लागला नाही. मिळाली चार तास झोप. त्या घाबरल्या नाहीत, कारण असंच होणार हे त्यांना आधीच माहीत होतं.

शर्यतीची पहाट आणि 42 किलोमीटर

सव्वादोनला उठणं. अडीचला चार स्लाइस ब्रेड-जॅम, एक केळं, एक कप कॉफी: साधारण 100 ग्रॅम कर्बोदकं. पावणेचारपर्यंत 400 मिली पाणी, नंतर फक्त घोट. काखेत आणि मांड्यांत व्हॅसलिन. वेदनाशामक गोळी नाही: घाम गाळताना अशा गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर येतो. हॉटेल ते सीएसएमटी चालत 15 मिनिटं, जुना शर्ट अंगावर, तो सुरुवातीला टाकून दिला. पावणेपाचला पहिलं जेल.

पहिले 10 किमी 6:37. आजूबाजूचे सगळे पुढे जात होते आणि त्यांच्याच शब्दांत "पाय मागे ओढून धरावे लागले". ठोके ठरवलेल्या मर्यादेत. अर्ध्या तासाला एक जेल, घड्याळाच्या गजरावर. सी लिंकवर दिवस उजाडायच्या बेतात होता. वारा समोरून, गर्दीही बरीच. तिथे पट्ट्यातून काढताना एक जेल खाली पडलं. मागून येणाऱ्यांच्या पायांत वाकणं धोक्याचं, म्हणून सोडून दिलं.

पहिली खरी अडचण 20 व्या किलोमीटरनंतर. मऊ बाटली पुन्हा भरून ओआरएसची अर्धी पुडी टाकायची होती. हात घामानं ओले, पिशवी दमट, आतली पावडर गोळा झालेली. निम्मी बाटलीत, निम्मी रस्त्यावर. ही चूक नागपूरच्या कोरड्या हवेत एकदाही झाली नव्हती, म्हणून ती कुणाच्या डोक्यात आली नाही.

दुसरा निर्णयबिंदू तीन तासांनंतर. ऊन चढलं होतं. सातवं जेल तोंडाजवळ नेताच मळमळलं. आधीच्या वर्षी अशा वेळी त्यांनी खाणं पूर्ण थांबवलं होतं. या वेळी पर्याय ठरलेला होता: एक मिनिट चालायचं, पाण्यानं चूळ भरायची, अंगावर पाणी ओतायचं, आणि जेलऐवजी जे गोड पण पातळ असेल ते थोडं थोडं घ्यायचं. रस्त्याच्या कडेला उभी राहणारी मुंबईची माणसं संत्री, केळी, मीठ हातात देतात. त्यांनी मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी आणि अर्धं केळं घेतलं. तळलेलं, चॉकलेट, अनोळखी पेय, काही नाही. पंधरा मिनिटांत पोट शांत झालं आणि अर्धं जेल गेलं.

पेडर रोडचा परतीचा चढ 35 किमीच्या आसपास लागला, म्हणजे ग्लायकोजेन संपायच्याच जागी. तिथला सर्वांत चढा 400 मीटरचा तुकडा जोरात चालत जायचं, हे डिसेंबरमध्येच ठरलं होतं. उतारावर पुन्हा धावणं सुरू. मागच्या वर्षी इथे त्या फुटपाथवर बसल्या होत्या.

निकाल

4 तास 38 मिनिटं. पहिला अर्धा 2:15 (10 किमीनंतर पेस साधारण 6:12 पर्यंत वाढला होता), दुसरा 2:23. आधीपेक्षा 26 मिनिटं कमी. दुसऱ्या अर्ध्यात आठ मिनिटं गेली, पण चालणं चढापुरतं आणि त्या एका मिनिटापुरतंच. वाटेत घेतलेली कर्बोदकं साधारण 175 ग्रॅम, तासाला 38. लक्ष्य 48 होतं. पाणी अंदाजे दोन लिटर. गोळे आले नाहीत. काखेत सोललं, व्हॅसलिन तीन तासांत वाहून गेलं होतं. लघवी थेट सव्वाएकला आणि गडद, म्हणजे शेवटच्या तासात पिणं कमी पडलं.

शर्यतीनंतरचा भाग सर्वांत कच्चा ठरला. तो मॅरेथॉनच्या नियोजनात सहसा नसतोच. हॉटेल बाराला सोडायचं होतं. जादा पैसे भरून दोनपर्यंत खोली ठेवली, आंघोळ, ताक, पोहे आणि दोन अंडी झाली, 40 मिनिटं झोपही झाली. पण त्यानंतर लोकल. रविवारी मध्य रेल्वेवर सहसा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, असतो हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. नागपूरकराच्या यादीत ते नव्हतं. फलाटावर पाऊण तास आणि गाडीत जवळजवळ तासभर उभं राहणं झालं. डोंबिवलीत पोहोचेपर्यंत घोटे सुजले होते. मावशीनं खुर्चीत बसवूनच ओटी भरली.

पुन्हा करायचं झालं तर

शुक्रवारचं जेवण डब्यात बरोबर न्यायचं. बिबच्या दिवशी भूक आणि वेळ कधीच जुळत नाहीत. दही-भाताचा डबा हॉटेलात सामान ठेवतानाच खाल्ला असता तरी 80 ग्रॅमची तूट भरली असती.

जेल आठऐवजी नऊ न्यायची, आणि पट्ट्यात सैल न ठेवता वरचं टोक रबरानं अडकवायचं. तीन तासांनंतरची दोन वेगळ्या, कमी गोड चवीची. सतत एकाच चवीनं जीभ बंड करते, हे लाँग रनला तीन तासांपर्यंतच धावल्यानं कळलं नव्हतं. ओआरएस पुडीत नाही, फिरकीच्या झाकणाच्या छोट्या कोरड्या डबीत. व्हॅसलिनची छोटी डबी खिशात, नाहीतर काखेला चिकटपट्टी.

दमट हवेचा सराव अपुरा होता, यावर प्रशिक्षक आणि धावपटू दोघांचंही एकमत आहे. डिसेंबरमध्ये एखादा शनिवार-रविवार मुंबईला येऊन 25 किमी धावणं हा पर्याय खर्चामुळे सोडला होता. मावशीकडे राहून तो जमला असता, आणि बहुतेक तिथेच पुडीची, व्हॅसलिनची आणि जेलच्या चवीची अडचण उघडी पडली असती.

4:40 चा पेस बरोबर होता का? धावपटूंना अजूनही वाटतं की सुरुवातीला 6:30 नं गेले असते तर 4:34 झाले असते. आकडे तसं म्हणत नाहीत. 6:37 नं सुरुवात करूनही दुसऱ्या अर्ध्यात आठ मिनिटं गेली. वेग वाढवण्याआधी तासाला 38 चे 48 ग्रॅम करणं आणि शेवटच्या तासात पाणी पिणं, या दोन गोष्टी आधी जमायला हव्यात.

रविवारची दुपार मात्र पूर्ण बदलायची. खोली संध्याकाळी सहापर्यंत ठेवायची, मेगाब्लॉक संपल्यावर, बसायला जागा मिळेल अशी लोकल सीएसएमटीहूनच पकडायची. सोमवारी रात्रीची कल्याणहूनची गाडी ठीक होती: खालचा बर्थ, पायांत घट्ट मोजे, दर दोन तासांनी डब्यात एक चक्कर. मंगळवारी सकाळी नागपूर, आणि दुपारी बारापासून बँकेत, बसूनच करायच्या कामावर.